वेन्डलच्या गळ्यातली शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. पोलिसाची नव्हे आणि मैदानावरच्या पंचाचीही नव्हे. त्या दोघी माणसांना थांबवतात, मी पाखरांना बोलावते. आकाशातून चाललेल्या रानबदकांना, "खाली या, इथे पाणी आहे, खायला आहे, आपलीच मंडळी बसली आहेत," असं सांगणं हे माझं काम.

मी वीतभरसुद्धा नाही. बाहेर लाकडाची नळी, तिच्या आत घट्ट बसणारा लाकडाचाच दट्ट्या आणि दट्ट्यावर एक पातळ जिभली. फुंकर आली की जिभली थरथरते आणि मादी बदक बोलावं तसा आवाज निघतो. नर दिसायला देखणा, हिरव्या मखमली डोक्याचा, पण बोलायला अगदी बेताचा. थव्याला हाका मारायचं काम बायकाच करतात.

माझा जन्म एका कुंपणाच्या खांबातून झाला. आमच्याकडे, आर्कान्सॉच्या सखल भागात, बोडार्क नावाचं एक काटेरी झाड होतं. त्याचं लाकूड इतकं चिवट की खिळा वाकेल, पण लाकूड हलणार नाही. ड्युई हॅस्किनच्या आजोबांनी भाताच्या शेताच्या बांधावर रोवलेला तो खांब साठ वर्षं पाण्यापावसात उभा होता. उपटला तेव्हा आतून पिवळाधमक निघाला. ड्युई तेव्हा एकवीस वर्षांचा. त्याने शेजाऱ्याच्या लेथवर त्या खांबाचे दोन तुकडे कातले. पहिली शिट्टी, दारात शेपूट सापडलेल्या डुकराच्या पिल्लासारखी ओरडली. ती त्याने चुलीत टाकली. दुसरी मी.

मलाही त्याने तीन-चारदा फुंकून पाहिलं. मग मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मला खिशात घालून वेन्डल प्रेथरकडे गेला.

"घे," तो म्हणाला. "मला वाजवता येत नाही आणि तुला नेम धरता येत नाही. दोघांचा मिळून एक शिकारी होईल."

वेन्डलच्या वडिलांचं गावात सलून होतं आणि वेन्डल तिथे नुकताच कात्री धरायला लागला होता. त्याने मला ओठांना लावलं, डोळे मिटले आणि हळूच फुंकर घातली. त्या फुंकरीत जोर नव्हता, माया होती. मागच्या गल्लीतल्या पाळीव बदकांनी लगेच उत्तर दिलं. ड्युई खुर्चीत बसून हसत सुटला. त्या दिवसापासून मी वेन्डलच्या गळ्यात आहे.

हिवाळ्यात नदी फुगते आणि ओकच्या रानात कमरेएवढं पाणी चढतं. ओकची फळं पाण्यात पडतात आणि ती खायला उत्तरेकडून बदकं येतात, थव्यामागून थवे. तांबडं फुटायच्या सुमाराला वेन्डल आणि ड्युई छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून त्या पाण्यात उतरायचे. एकेका झाडाला पाठ लावून उभे राहायचे. पाणी हलतं दिसावं म्हणून एका पायाने लाटा उठवत राहायचे, पाण्यावर तरंगणारी खोटी बदकं त्यामुळे खरी वाटतात. मग वेन्डल मला ओठांना लावायचा.

खोटं बोलणं हा माझा धंदा, हे मी लपवत नाही. माझ्यावर भरवसा ठेवून जी खाली आली, त्यातली काही परत वर गेली नाहीत. त्याचं मला काही वाटत नाही असं नाही. वेन्डललाही वाटायचं. पहिलं पाखरू हातात आलं की तो त्याची विस्कटलेली पिसं अंगठ्याने सारखी करायचा आणि तेवढा वेळ कुणाशी बोलायचा नाही. ठरलेल्या संख्येहून एकही जास्त मारलं नाही आणि मारलेलं एकही वाया घालवलं नाही. वेन्डलची बायको ओपल बदकाचं दाट कालवण करायची आणि मोठं पातेलं भरून भातावर वाढायची. शेवटचा थेंब पुसायला मक्याचा पाव असायचा.

पण फक्त कालवणासाठी कुणी बर्फासारख्या पाण्यात तीन-तीन तास उभं राहत नाही. माणसं तिथे कशाला येतात हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. समोरासमोर बसली की माणसं हवापाण्याचं बोलतात. शेजारशेजारच्या झाडांना टेकून, दोघंही आभाळाकडे बघत उभी राहिली, की त्यांच्या तोंडून खरं निघतं. वेन्डलला मूल होणार नाही हे ओपलनंतर पहिल्यांदा कुणाला कळलं असेल तर ते ड्युईला, आणि तेही असंच, एक थवा गेला आणि दुसरा यायचा होता त्या मधल्या वेळात. ड्युई "हं" म्हणाला. थोड्या वेळाने त्याने थर्मासमधली कॉफी टोपणात ओतून वेन्डलपुढे धरली. एवढंच.

असे चाळीस हिवाळे गेले. ड्युईची मुलगी कॉरीन मोठी झाली, गावच्या शाळेत गणित शिकवायला लागली आणि सुट्टीच्या दिवशी आपली रूबी कुत्री घेऊन आमच्याबरोबर यायला लागली. तिचा नेम बापापेक्षा चांगला. बोलणंही.

"काका, जरा कमी वाजवा," ती म्हणायची. "बदकांना वाटेल इथे लग्न आहे."

"लग्नाला बोलावल्याशिवाय कुणी येतं का?" वेन्डल म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी काहीतरी बिघडलं. मी त्याच्या छातीवर असते, म्हणून मला आधी कळलं. आधी तो नुसती नजर टाकून मला पकडायचा, आता त्याची बोटं मला शोधायची. कॉफी टोपणाबाहेर जायची. एकदा तर कावळ्यांच्या रांगेला पाहून त्याने मला मोठ्या आर्जवाने वाजवलं. ड्युईने टोपी डोळ्यांवर ओढली.

वेन्डलच्या नजरेच्या अगदी मध्यभागी एक डाग पडला होता. कडेचं दिसायचं. पण जे बघायचं, नेमकं तेवढंच पुसून जायचं. माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. बदकाच्या आजूबाजूचं आभाळ दिसायचं, बदक नाही.

त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. ओपललासुद्धा. डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर काय म्हणेल ते आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटत होतं. त्याचे वडील म्हातारपणी पुरते आंधळे झाले होते. अकरा वर्षं ते सलूनच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखत. वेन्डल त्यांची दाढी करायचा. आता त्या खुर्चीकडे गेलं की त्याचा श्वास अडकायचा. मला तो ऐकू यायचा.

बंदूक तरी खाली ठेवावी की नाही? पण त्याच्या मनात भलतंच बसलं होतं. बंदूक ठेवली की मग आपण कोण? आंधळ्या म्हाताऱ्याला पाण्यात कोण नेईल? नेलं तरी दयेने नेतील. त्याला दया नको होती, त्याला त्याचं झाड हवं होतं.

आणि नवल म्हणजे, बदकं पडत होती. ड्युई आणि वेन्डल शेजारी उभे असायचे, दोन बार एकदम व्हायचे आणि पाखरू पाण्यावर पडायचं.

"तुझंच ते," ड्युई म्हणायचा. "नेम चांगला होता."

वेन्डलला बरं वाटायचं. आपले डोळे अगदीच काही गेलेले नाहीत, असं तो स्वतःला सांगायचा. मीही त्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्यांना फसवणाऱ्यांना स्वतः फसल्याचं लवकर कळत नाही.

मग या जानेवारीतली ती सकाळ उजाडली. पाण्यावर पातळ धुकं होतं. कॉरीनने मारलेलं एक बदक झुडपात पडलं आणि रूबीला ते सापडेना. "मी बघते," म्हणून कॉरीन पाण्यातून डावीकडे गेली. ड्युई बंदुकीत काडतूस भरत होता. एवढ्यात खालून, पाण्यालगत, पंखांचा आवाज आला. वेन्डल वळला. धुक्यात त्याला काहीतरी काळसर हललेलं जाणवलं आणि त्याने बार काढला.

ते बदक नव्हतं.

झाडाची साल उडाली. पाण्यावर छर्रे गारांसारखे वाजले. रूबी एकदा भुंकली आणि गप्प झाली.

"कॉरीन?" ड्युईने हाक मारली. त्याचा आवाज मी चाळीस वर्षांत तसा ऐकला नव्हता.

उत्तर यायला फार तर तीन श्वास लागले असतील. वेन्डलने त्यातला एकही घेतला नाही.

"आहे मी," कॉरीन म्हणाली. "कानाला लागलंय. आहे मी."

ती झाडामागून बाहेर आली. हात कानावर होता आणि बोटांतून रक्त येत होतं. एक छर्रा कानाची पाळी फाडून गेला होता. बाकीचे तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर ओकच्या खोडात रुतले होते.

"पाय घसरला माझा," वेन्डल म्हणाला. "ओंडक्यावरून."

"आहे तिथे ओंडका," ड्युई म्हणाला. "परवा मीही घसरलो."

तिथे ओंडका नव्हता. वेन्डलचा पाय जागचा हललाही नव्हता. कॉरीनने आधी काकांकडे पाहिलं, मग बापाकडे. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "घरी चला."

त्या दिवशी संध्याकाळी वेन्डलने बंदूक पिशवीत घातली आणि ओपलला दिली. "कुठेतरी ठेव. कुठे ते मला सांगू नकोस."

"झालं काय?"

"काही नाही. कंटाळा आला."

मला त्याने गळ्यातून काढलं आणि सलूनमध्ये आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवलं. ड्युईचा फोन आला की म्हणायचा, सर्दी झालीय. तो जेवायचा नाही. गिऱ्हाईक नसलं की खुर्चीचा हात पुसत राहायचा. खिळ्यावरून मला पहिल्यांदाच त्याचा चेहरा समोरून दिसला. चाळीस वर्षं मी त्याच्या छातीवर काढली, पण त्याचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. म्हातारा झाला होता माझा माणूस.

नऊ दिवसांनी दाराची घंटा वाजली आणि कॉरीन आत आली. कानाला पांढरी पट्टी होती.

वेन्डल उभा राहिला. तिला दार ओलांडायच्या आतच त्याने ओळखलं होतं, चालीवरून.

"केस कापायचेत, काका."

"तू तर शहरात कापून घेतेस."

"आज इथे कापायचेत. कानाजवळचे वाढलेत. टाके आहेत तिथे, जपून कापा."

ती खुर्चीत बसली. वेन्डलने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कंगवा घेतला, कात्री घेतली आणि तिच्या मागे उभा राहिला. त्याने मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे, दाणा शोधणाऱ्या पाखरासारखी. कात्री कानाजवळ गेली आणि थांबली. मागे आली. पुन्हा गेली.

कॉरीन आरशात बघत स्वस्थ बसून राहिली. कोपऱ्यातला हीटर घुरघुरत होता. एक गाडी रस्त्याने गेली.

वेन्डलने कात्री खाली ठेवली.

"कॉरीन," तो म्हणाला, "मला तुझा कान दिसत नाहीये."

"किती दिवस?"

"तिसरं वर्ष."

"त्या दिवशी पाय घसरला नव्हता."

"नाही. मला वाटलं, बदक आहे."

कापडाखाली तिने हात एकमेकांत घट्ट धरलेत, हे चुण्यांवरून मला कळत होतं. "वर्गात कुणी पुस्तक आपटलं तरी मी दचकते," ती म्हणाली. "काल एका पोराने बाक सरकवला आणि माझ्या हातातला खडू पडला. मी तुमच्यावर खूप चिडलेय, काका. बार उडाला म्हणून चिडलेय, पण तुम्ही तिथल्या तिथे खोटं बोललात म्हणून जास्त. मी रक्त पुसत होते आणि तुम्ही ओंडका शोधत होतात."

वेन्डल तिच्या समोर येऊन उभा राहिला. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, तरी त्याने तिकडेच तोंड केलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तीन वर्षं चुकत होतं. तुला काही झालं असतं तर मी..." त्याने कंगवा खाली ठेवला. "मला माफ कर, पोरी. आज नाही तर जमेल तेव्हा कर."

तिने डोळे पुसले. "करेन. आधी डॉक्टरकडे चला."

"काय सांगणार तो? वडिलांचं झालं तेच."

"तुम्ही केस कापता. डोळे तपासणारे वेगळे असतात." ती नाक शिंकरून थोडी हसली. "आणि अजून एक आहे. बाबा बाहेर गाडीत बसलेत, अर्धा तास झाला. त्यांनाही काहीतरी सांगायचंय, पण आत यायचं धाडस होत नाहीये. मी बोलावलं तर येणार नाहीत. तुम्ही बोलवा."

"फोन करू?"

"फोन ते घरीच ठेवून आलेत. मुद्दाम."

वेन्डलचा हात खिळ्याकडे आला. मला घेऊन त्याने दार उघडलं, थंडीत उभा राहिला आणि फुंकर घातली. निघून चाललेल्या थव्याला मागे फिरवायची जी साद असते, ती. लांब, उतरत जाणारी, काकुळतीची. समोरच्या खाणावळीतले लोक काचेशी आले. पिकअपमध्ये ड्युईने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. मग दार उघडून उतरला आणि टोपी काढत आत आला.

"आख्ख्या गावाला ऐकू गेलं," तो म्हणाला.

"तू आलास ना? बस झालं."

ड्युई उभाच राहिला. टोपी हातात फिरवत जमिनीकडे बघून म्हणाला, "वेन्डल, गेल्या दोन हंगामांत तू एकही बदक मारलेलं नाहीस."

"म्हणजे?"

"तू बंदूक उचललीस की मी तुझ्याबरोबर बार काढायचो. अर्धा श्वास आधी."

वेन्डलने भिंतीला हात लावला. "नाताळच्या आधीचं? दोन पाखरं पडली होती एकदम?"

"त्यातलं एक माझं."

"आणि दुसरं?"

"कॉरीनचं."

"अरे लेका, ओपलने त्याचा फोटो भिंतीवर लावलाय."

कॉरीनने कापडात तोंड लपवलं. पण ड्युई हसला नाही.

"तुला दिसत नाही हे तुला कसं कळलं?" वेन्डलने विचारलं.

"तू माझे केस कापतोस," ड्युई म्हणाला. "चर्चमध्ये टोपी काढावी लागते, म्हणून दोन वर्षं मी शेवटच्या बाकावर बसतोय."

वेन्डलचं तोंड उघडं राहिलं. ड्युई बोलतच होता, आता एकदा सुरुवात झाली म्हणून. "मला माहीत होतं. माहीत असून तुझ्या हातात बंदूक राहू दिली मी. तुला वाईट वाटू नये म्हणून. आणि माझी पोर तिथे उभी होती, वेन्डल. हातभर. हातभर अंतर होतं फक्त." तो खिडकीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"सांगितलं का नाहीस?" वेन्डल हळूच म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू येणं बंद केलं असतंस."

"आणि मी सांगितलं असतं तर तुम्ही मला नेणं बंद केलं असतंत. म्हणून मी गप्प बसलो."

"दोघंही शहाणे," कॉरीन म्हणाली.

ड्युई वळला. "मी नेणं बंद केलं असतं? लुईझ गेली त्या हिवाळ्यात मी एक बार तरी काढला होता का? तू मला नेणं बंद केलंस?"

ते खरं होतं. त्याची बायको गेली त्या वर्षी ड्युई बंदूक आणायचा आणि झाडाला टेकवून ठेवायचा. हात खिशात. वेन्डल मला वाजवायचा, बदकं फिरून फिरून खाली यायची, दहा पावलांवर पाण्यात बसायची, पिसं साफ करायची, आपापसांत काहीबाही बोलायची. ड्युई बघत राहायचा. मग ती उडून जायची आणि वेन्डल परत मला ओठांना लावायचा. अख्खा हंगाम दोघांनी असा काढला. ओपलने त्या वर्षी कोंबडीचं कालवण केलं आणि कुणी काही विचारलं नाही.

वेन्डल खुर्चीच्या हातावर बसला. त्याच्या छातीतून एक लांब श्वास निघाला. मी त्याच्या मुठीत होते, तो श्वास माझ्यातून गेला असता तर नदीपलीकडची बदकं परत आली असती.

ओपलला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती रडली नाही. तिने भिंतीवरचा फोटो काढला, टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाली, "तीन वर्षं माझ्या शेजारी झोपतोस तू, वेन्डल प्रेथर. गाडीची किल्ली कुठेय?" त्याच आठवड्यात तिने त्याला शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. पुढच्या सीटवर त्याने मला गळ्यात घातलं होतं. दवाखान्यात ती शिट्टी कशाला, असं ओपलने विचारलं नाही. एवढी रागावलेली असूनही नाही.

डॉक्टर तरुण बाई होती. तिने दोन्ही डोळ्यांत दिवा धरून खूप वेळ पाहिलं. माझ्याखाली त्याचं काळीज लेथसारखं चालू होतं.

"तुमच्या वडिलांचा आजार वेगळा असणार," ती म्हणाली. "त्यात कडेपासून अंधार येतो आणि सगळं गिळतो. तुमचा मधल्या भागाचा आहे. मधलं गेलंय ते परत येईल, असं मी सांगणार नाही. उजव्या डोळ्याला इंजेक्शनं देऊन आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. पण कडा राहतील. पूर्ण अंधार होणार नाही."

"पूर्ण होणार नाही?"

"नाही."

"चालता येईल?"

"चालता येईल. गाडी, कात्री, बंदूक मात्र नाही."

वेन्डलने मान हलवली. बाहेर येऊन गाडीत बसला आणि रडला, लहान मूल रडतं तसा, नाक पुसत, मध्येच हसत. ओपलने त्याचा हात धरून ठेवला. परतीच्या वाटेवर त्यांनी तळलेली मासळी खायला गाडी थांबवली आणि त्याने दोन ताटं संपवली. दुसऱ्या ताटाच्या मध्यावर ओपलचा राग उतरला. तिने आपल्या पानातला मोठा तुकडा त्याच्या पानात टाकला.

हंगामाचा शेवटचा दिवस जानेवारीच्या अखेरीस असतो. कॉरीन येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती आली. बंदूक आणली नाही, रूबीला आणलं. "आज मी काकांच्या झाडाला," ती म्हणाली, आणि वेन्डलच्या दंडाला दंड लावून पाण्यात उभी राहिली. ड्युईने पहिल्यांदा बंदुकीचा खटका ओढला तेव्हा वेन्डलच्या दंडावर करकचून आवळलेला तिचा हात मला जाणवला. वेन्डललाही जाणवला. त्याने त्यावर आपला हात ठेवला आणि काढला नाही.

त्याच्या खांद्यावर काही नव्हतं. गळ्यात मी होते.

"सहा-सात आहेत," तो एकदम म्हणाला. "उंच. मागून येतायत."

ड्युईने वर पाहिलं. "मला काही दिसत नाही."

"तुझे डोळे चांगले आहेत म्हणून तू ऐकत नाहीस. थांब."

मग मलाही ऐकू आलं, कुणीतरी रेशीम फाडत चालल्यासारखं, दूर, आभाळात. वेन्डलने मला ओठांना लावलं. एक साद, थोडी शांतता, मग दोन हलके बोल. थवा वळला. रानावरून एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि पंख ताठ करून ओकच्या फांद्यांमधून खाली उतरायला लागला. पाणी, पंख, त्या हिरव्या माना. कॉरीन हळू आवाजात त्याला सांगत होती, "डावीकडून. आता खाली. आता अगदी डोक्यावर, काका, फांदीला पंख लागला त्याचा."

ड्युईचे तीन बार झाले. पाठोपाठ.

मग शांतता. पंखांचा आवाज दूर गेला.

"पडलं का?" वेन्डलने विचारलं.

ड्युईने तोंड उघडलं. दोन वर्षांची सवय त्याच्या जिभेवर आलेली मला स्पष्ट कळली. त्याने ती गिळली.

"नाही," तो म्हणाला. "तिन्ही चुकले."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"टोपी फेकली असती तरी लागलं असतं, बाबा," कॉरीन म्हणाली.

वेन्डल हसायला लागला. आधी नुसता खांद्यांतून, मग इतका की त्याला झाडाला धरावं लागलं आणि मी त्याच्या छातीवर आपटत राहिले. ड्युईही हसला. रूबीने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पाण्यातल्या एका तुटक्या बुंध्यावर जाऊन पाठ करून बसली. रिकाम्या हातांनी कुणाला एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पुढे दोन पाखरं मिळाली, दोन्ही ड्युईची, आणि ती कुणाची याबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता माझं वय झालंय. ओठ लागतात तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, जिभली तीनदा बदलली, नळीला एक केसासारखी चीर आहे. ती ड्युईने पितळी कडं बसवून आवळली. सलूनमध्ये आता एक बाई केस कापते. वेन्डल खिडकीशी वडिलांच्या खुर्चीत बसतो, गिऱ्हाइकांना कथा सांगतो आणि नव्या पोरांना मला वाजवायला शिकवतो. बहुतेकांची चूक एकच असते. ती फार वाजवतात. थवा वळला तरी थांबत नाहीत, आणि थवा निघून जातो.

त्यांना तो जे सांगतो तेच मी तुम्हाला सांगते, कारण तुमच्या ओळखीतही कुणीतरी उंचावरून, एकटं, निघून चाललेलं असेल. त्याला एकदाच बोलवा, मनापासून. मग गप्प बसा आणि त्याला फेऱ्या मारू द्या. खाली उतरायला वेळ लागतो.

मार्च लागलाय. नदी ओसरतेय, ओकला पालवी फुटतेय आणि रात्रंदिवस थवे उत्तरेकडे परत चाललेत. खिडकी उघडी ठेवून वेन्डल ते ऐकतो. मी त्याच्या खिशात आहे. त्याचा हात अधूनमधून खिशात येतो, मला चाचपतो आणि तसाच बाहेर जातो. आज त्यांना कुणी बोलवायचं नाही. घरी चाललीत ती, जाऊ द्या त्यांना.